स्लोवेनियात ‘प्रदेश’ कोण चालवतं?

होदोश हे स्लोवेनियाच्या ईशान्य टोकाला, हंगेरीच्या हद्दीला खेटून वसलेलं गाव. शेजारचं क्रप्लिव्निक धरून तिथली लोकवस्ती साडेतीनशेच्या आसपास भरते. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीला बहुधा गट ग्रामपंचायतीत टाकलं असतं. होदोशला मात्र स्वतःची पालिका आहे. लोकांनी थेट निवडलेला पालिकाध्यक्ष आहे, स्वतःची सभा आहे, स्वतःचं अंदाजपत्रक आहे. गावात स्लोवेनियनच्या बरोबरीने हंगेरियन भाषाही अधिकृत आहे आणि पालिकेच्या सभेत हंगेरियन समाजाला प्रतिनिधित्व मिळेल अशी हमी देशाच्या संविधानातच दिलेली आहे.

आता याच गावातल्या माणसाची कामं बघू. पासपोर्ट काढायचा असेल तर पालिकेचा काही उपयोग नाही. त्यासाठी मुर्स्का सोबोता या जवळच्या शहरातली सरकारी कचेरी गाठावी लागते. गावातून हंगेरीत जाणारा रेल्वेमार्ग २००१ साली पुन्हा सुरू झाला, तो दोन देशांच्या सरकारांनी ठरवलं म्हणून. पुढे त्या मार्गाचं विद्युतीकरण झालं, त्यात मोठा वाटा युरोपियन संघाच्या पैशाचा. या टेकड्यांच्या पट्ट्यात पिण्याच्या पाण्याची ओरड जुनीच, आणि ती एकेका गावाने विहिरी खणून मिटण्यातली नव्हती. नोकरीचं म्हणाल तर ती शोधायला माणूस मुर्स्का सोबोताला जाणार, ऑस्ट्रियात जाणार किंवा थेट राजधानी ल्युब्लियाना गाठणार.

म्हणजे गावाचं काही गावात ठरतं, काही राजधानीत, काही ब्रसेल्समध्ये. पण पाणी, रोजगार, कचरा, बस, दवाखाना हे प्रश्न गावापेक्षा मोठे आणि देशापेक्षा लहान असतात. ते जिथे सोडवायचे त्या मधल्या पातळीवर स्लोवेनियात कोण बसलं आहे? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून सावकाश उलगडत जाऊ.

आधी देशाचा आकार लक्षात घ्यावा. क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडंसंच जास्त. लोकसंख्या साधारण २१ लाख. त्यातले जेमतेम तीन लाख ल्युब्लियानात, लाखभर मारिबोरमध्ये आणि उरलेले लहान शहरांत नि खेड्यांत विखुरलेले. एवढ्याशा देशाला मधली पातळी हवीच कशाला, असं कुणालाही वाटेल. खुद्द स्लोवेनियातही हा प्रश्न तीस वर्षं विचारला जातो आहे. पण देश लहान असला तरी तो एकसारखा नाही. वायव्येला आल्प्स, नैर्ऋत्येला एड्रियाटिकचा चिमुकला किनारा, मध्ये डोंगर आणि कोळशाची खोरी, पूर्वेला पॅनोनियाचं सपाट शेतीचं मैदान. ल्युब्लियानाभोवतालच्या मध्य प्रदेशात देशाच्या एकूण उत्पादनाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा तयार होतो. तिथलं दरडोई उत्पादन जुन्या खाणपट्ट्यातल्या झासाव्ये प्रदेशाच्या दुपटीहून जास्त भरतं. (हा आकडा वाचताना एक भान ठेवावं लागतं. झासाव्येतले पुष्कळ लोक रोज ल्युब्लियानात कामाला जातात आणि त्यांच्या श्रमाचं उत्पादन राजधानीच्या खात्यात जमा होतं.)

पालिकांची गोष्ट युगोस्लाव्हियाच्या काळापासून सुरू करावी लागते. तेव्हा स्लोवेनियात साठ-पासष्ट मोठ्या पालिका होत्या आणि त्यांच्याकडे नुसते दिवाबत्ती-रस्ते नव्हते, तर सरकारची बहुतेक कामंही होती. १९९१ साली देश स्वतंत्र झाला, नवं संविधान आलं, आणि स्थानिक स्वराज्य म्हणजे लोकांचं आपलं स्वराज्य, ती सरकारची शाखा नव्हे, असा विचार पुढे आला. १९९३ साली कायदा झाला. १९९४ साली १४७ पालिका नव्याने उभ्या राहिल्या. जानेवारी १९९५ पासून सरकारी कामं त्यांच्याकडून काढून ५८ प्रशासकीय कचेऱ्यांकडे सोपवली गेली. पासपोर्ट, वाहननोंदणी, बांधकाम परवाने ही कामं तेव्हापासून या कचेऱ्यांत होतात. या कचेऱ्या सरकारच्या. तिथे निवडून आलेलं कुणी नाही. त्यांच्या हद्दी मोठ्या प्रमाणात जुन्या पालिकांच्याच राहिल्या.

मग पालिकांचं विभाजन सुरू झालं. १९९८ मध्ये त्या १९२ झाल्या, २००६ मध्ये २१०. होदोश आधी शेजारच्या शालोव्त्सी गावाबरोबर एकाच पालिकेत होतं. १९९८ मध्ये दोघं वेगळे झाले. सर्वांत शेवटी किनाऱ्यावरच्या अंकारानचं प्रकरण गाजलं. कोपेर या बंदराच्या शहरातून वेगळं व्हायची त्यांची मागणी संसदेत अडकली, तेव्हा संविधान न्यायालयाने २०११ साली स्वतःच निकालातून ती पालिका जन्माला घातली. आज एकूण २१२ पालिका आहेत. कायद्याने पालिकेला किमान पाच हजार लोकवस्ती हवी. पण अपवादांची दारं उघडी ठेवल्याने निम्म्याहून जास्त पालिका त्या आकड्याच्या खालीच आहेत.

या विभाजनाला नावं ठेवणं सोपं आहे आणि ल्युब्लियानातले अर्थतज्ज्ञ ती ठेवतातही. मला मात्र त्यातली जमेची बाजू खरी वाटते. ज्या खेड्यांकडे जुन्या मोठ्या पालिकेत कुणी बघत नव्हतं, तिथे डांबरी रस्ते झाले, बालवाड्या झाल्या, सांडपाण्याची सोय झाली. पालिकाध्यक्षाला लोक रस्त्यात गाठून जाब विचारू शकतात, आणि तो दर चार वर्षांनी थेट मतदाराच्या दारात येतो. ही कमाई गमावायला कुणीच तयार होणार नाही, आणि होऊही नये.

अडचण पुढे सुरू होते, पैशापाशी. पालिकांना मिळणारा मुख्य पैसा आयकरातून येतो. देशात गोळा होणाऱ्या आयकरातला ५४ टक्के वाटा कायद्याने पालिकांच्या नावे ठेवलेला आहे. तो वाटायचं सूत्र असं. दरवर्षी संसद दरडोई एक रक्कम ठरवते. ती लोकसंख्येने गुणायची आणि मग प्रत्येक पालिकेची परिस्थिती बघून वरखाली करायची. दरडोई रस्त्यांची लांबी किती, क्षेत्रफळ किती, मुलांचं आणि वृद्धांचं प्रमाण किती, हे त्यात मोजलं जातं. यातून पालिकेला किती खर्च करणं रास्त आहे तो आकडा निघतो. आयकराचा वाटा त्याला पुरला नाही तर उरलेली तूट सरकार भरून देतं.

सूत्र न्याय्य आहे. विरळ वस्तीच्या, लांबच लांब रस्त्यांच्या पालिकेला दरडोई जास्त पैसा मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण त्याचे दोन परिणाम होतात. एक, वेगळं होण्यात आर्थिक तोटा नसतो. दोन, हा पैसा रोजचा गाडा हाकायला लागतो आणि मोठ्या गुंतवणुकीला त्यातून फारसं काही उरत नाही. शाळेची नवी इमारत, जलशुद्धीकरण केंद्र, औद्योगिक वसाहत यांसाठी पालिकाध्यक्षाला मंत्रालयाची पायरी चढावी लागते किंवा युरोपियन निधीचा अर्ज भरावा लागतो. साडेतीनशे लोकांच्या पालिकेत असा अर्ज भरणारा माणूस कुठून आणायचा? अनेक लहान पालिकांत कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

इथे ‘प्रदेश’ येतो. स्लोवेनियाचे १२ प्रदेश आहेत: ईशान्येला पोमुर्ये, त्याखाली मारिबोरचं पोद्राव्ये, मध्यभागी ल्युब्लियानाचा मध्य प्रदेश, किनाऱ्यालगतचा ओबाल्नो-क्राश्का, इटलीच्या हद्दीवरचा गोरिश्का आणि असे बाकीचे. हे प्रदेश मुळात सांख्यिकीचे. आकडेवारी गोळा करण्यासाठी आखलेले. पोद्राव्येत ४१ पालिका आहेत, पोमुर्येत २७, झासाव्येत फक्त ४. प्रदेशाला निवडून आलेली सभा नाही, प्रदेशाचा कर नाही, प्रदेशाला कायदेशीर व्यक्ती म्हणून स्वतंत्र अस्तित्वही नाही. तरीही देशाचं प्रादेशिक विकासाचं सगळं नियोजन याच १२ चौकटींत होतं.

मागास भागांसाठी वेगळं धोरण ही कल्पना तिथे जुनी आहे. १९७१ सालीच अविकसित भागांना चालना देणारा कायदा झाला होता. त्या दशकात ‘अनेक केंद्रांचा विकास’ हे अधिकृत धोरण ठरलं. सगळे कारखाने ल्युब्लियानात न आणता लहान शहरांत पसरवायचे, म्हणजे लोकांना गाव न सोडता घरून कामावर जाता येईल. आजही नोव्हो मेस्तोत क्र्का ही औषध कंपनी आणि रेनोचा मोटार कारखाना आहे, वेलेन्येत घरगुती उपकरणांचा गोरेन्ये कारखाना आहे. त्या धोरणाचं फळ म्हणून देशात एकच फुगलेलं महानगर आणि बाकी ओसाड खेडी असं चित्र दिसत नाही. पण १९७१चा कायदा मागास गावांकडे बघत होता, प्रदेशाकडे नाही. युरोपियन संघात जायची तयारी सुरू झाली तेव्हा १९९९ साली समतोल प्रादेशिक विकासाचा नवा कायदा आला, २००५ मध्ये बदलला आणि २०११ मध्ये पुन्हा नव्याने केला गेला. सध्याची यंत्रणा या शेवटच्या कायद्यावर उभी आहे.

ती चालते कशी ते टप्प्याटप्प्याने बघू. प्रत्येक प्रदेशात एक प्रादेशिक विकास संस्था असते. ही बहुतेक वेळा पालिकांनीच मिळून स्थापन केलेली किंवा त्यांच्या मालकीची असते आणि प्रदेशाचं नियोजन हे सार्वजनिक काम सरकार तिच्याकडे सोपवतं. संस्थेतले लोक आकडेवारी जमवतात, पालिका, कारखानदार, शेतकरी संघटना, स्वयंसेवी संस्था यांच्या बैठका घेतात आणि आराखड्याचा मसुदा तयार करतात. मसुदा प्रादेशिक विकास परिषदेपुढे जातो. तिच्यात पालिकांचे, उद्योगव्यवसायांचे आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. तिच्या संमतीनंतर आराखडा सर्व पालिकाध्यक्षांच्या मंडळापुढे येतो. तिथे मंजूर झाला की तो प्रदेशाचा विकास आराखडा. त्याची मुदत युरोपियन संघाच्या सात वर्षांच्या अंदाजपत्रकाशी जुळवलेली असते: २००७ ते २०१३, २०१४ ते २०२०, २०२१ ते २०२७.

यानंतर खरा कस लागतो. प्रदेश आणि मंत्रालय यांच्यात ‘प्रदेशाच्या विकासाचा करार’ होतो. आराखड्यातले कोणते प्रकल्प, किती खर्चाचे, कोणत्या निधीतून, हे त्यात लिहिलेलं असतं. मंत्रालय आवाहन काढतं, प्रदेश प्रकल्पांची यादी पाठवतो, मंत्रालय ती तपासतं, दुरुस्त्या सुचवतं, आणि शेवटी सह्या होतात. कोणत्या प्रदेशाला किती झुकतं माप द्यायचं यासाठी सरकार विकासातल्या जोखमीचा एक निर्देशांक काढतं. उत्पन्न, रोजगार, लोकसंख्येचं वय अशा गोष्टींवरून तो ठरतो. आपल्याकडच्या अनुशेषाच्या हिशेबाशी याचं नातं आहे, पण एक फरक मोठा आहे. अनुशेष मागे काय राहून गेलं ते मोजतो, हा निर्देशांक पुढे काय बिघडू शकतं तेही बघतो.

कागदावर हे सगळं चोख आहे. खालून वर येणारं नियोजन, सर्वांचा सहभाग, लेखी करार. दोष त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांच्या परिस्थितीत आहे. मंडळातला प्रत्येक पालिकाध्यक्ष आपल्या पालिकेच्या मतदारांनी निवडून दिलेला असतो. प्रदेशाने म्हणून त्याला कुणी निवडलेलं नाही. शेजारच्या शहरात प्रदेशासाठी एक चांगलं रुग्णालय किंवा औद्योगिक वसाहत व्हावी म्हणून स्वतःच्या गावचा क्रीडांगणाचा प्रस्ताव मागे घेतला, असं तो पुढच्या निवडणुकीत सांगू शकत नाही. मग यादी लांबते. प्रत्येकाचं थोडं थोडं घातलं की सर्वांची मंजुरी मिळते. आणि मोठा पैसा तर मंत्रालयांच्या आपापल्या खिडक्यांत असतो: रस्ते एका खात्याकडे, सांडपाणी दुसऱ्याकडे, संशोधन तिसऱ्याकडे. प्रदेशाचा आराखडा या खात्यांना बांधून ठेवत नाही. परिणामी आराखड्यातला मोठा भाग ‘हे झालं तर बरं’ एवढ्यावरच राहतो.

तरी एवढ्यावरून यंत्रणा निकामी आहे असं म्हणणं अन्याय्य होईल. पोमुर्येचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे.

पोमुर्ये म्हणजे मुरा नदीच्या दोन्ही अंगांचा सपाट, सुपीक मुलूख आणि उत्तरेला गोरिच्कोच्या टेकड्या. तिथला सर्वांत मोठा आधार होता मुर्स्का सोबोतातला ‘मुरा’ हा कपड्यांचा कारखाना. शिवणकाम करणाऱ्या हजारो बायकांचे संसार त्यावर चालत होते. एकेकाळी युरोपातल्या नामांकित कंपन्यांसाठी तिथे सूट शिवले जात. २००८ मध्ये ल्युब्लियानाकडून येणारा महामार्ग पोमुर्येतून हंगेरीच्या हद्दीपर्यंत पूर्ण झाला. आता गुंतवणूक येईल अशी आशा होती. वर्षभरात जागतिक मंदीने ‘मुरा’चं दिवाळं काढलं आणि अडीच हजारांहून अधिक कामगार घरी बसले. तेव्हा संसदेने नोव्हेंबर २००९ मध्ये फक्त पोमुर्येसाठी एक कायदा केला. २०१० ते २०१५ या काळासाठी त्यात नव्या नोकऱ्या देणाऱ्यांना आणि गुंतवणूकदारांना करसवलती होत्या, प्रदेशासाठी खास कार्यक्रम होता, आणि पुढे त्याची मुदतही वाढवली गेली. हीच पद्धत नंतर पोकोल्प्ये, मारिबोर आणि त्र्बोव्ल्येचा खाणपट्टा या भागांनाही लागू झाली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सपाट भागात भूजल मुबलक, पण शेतीच्या खतांमुळे आणि तणनाशकांमुळे ते ठिकठिकाणी दूषित झालेलं. गोरिच्कोच्या टेकड्यांवर उलट परिस्थिती. पाणी कमी आणि उन्हाळ्यात टँकर. एका गावाकडे पाणी होतं, दुसऱ्याकडे तहान होती, आणि प्रत्येक पालिकेची नळयोजना आपल्या वेशीपाशी संपत होती. युरोपियन संघाच्या निधीची अट मात्र एकेका गावाला धार्जिणी नव्हती. त्यासाठी मोठी, एकत्र योजना हवी होती. शेवटी पोमुर्येच्या पालिकांनी तीन गटांत तीन जोडयोजना केल्या. चांगल्या विहिरी सर्वांसाठी, मुख्य वाहिन्या वेशी ओलांडून जाणाऱ्या, चालवण्याची जबाबदारी सामायिक. योजना उभी राहण्यात वर्षं गेली. खर्चाचे वाटे, पाणीपट्टीचे दर, कुणाच्या विहिरीला किती मोल, यावर पालिकांत वाद झाले. पण नळ जोडले गेले.

माझ्या दृष्टीने यातली शिकण्यासारखी गोष्ट ही की इथे एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाण्याचा स्रोत एका पालिकेत आणि गरज दुसऱ्या पालिकेत होती, पैसा एकत्र आल्याशिवाय मिळणार नव्हता, आणि योजना झाली की नाही हे प्रत्येकाला घरच्या नळावर कळणार होतं. ल्युब्लियानातलं कचरा प्रक्रिया केंद्रही याच कारणाने यशस्वी झालं. तिथे राजधानीबरोबर आजूबाजूच्या डझनावारी पालिकांचा कचरा येतो, कारण एवढं आधुनिक केंद्र कुणालाच एकट्याने परवडणार नव्हतं. अनेक पालिका मिळून सामायिक कार्यालय चालवतात, त्यातून बांधकाम तपासणी, अंतर्गत लेखापरीक्षण, पालिका पहारेकरी अशी कामं होतात आणि सरकार त्या खर्चाचा काही भाग उचलतं. जिथे गरज अशी ठळक नसते, म्हणजे कोणतं शहर प्रदेशाचं शिक्षणकेंद्र व्हावं, नवे उद्योग कुठे जावेत, कोणत्या गावात बस कमी करून कुठे वाढवावी, तिथे मंडळ निर्णय टाळतं.

आता वरच्या मजल्याकडे, म्हणजे ब्रसेल्सकडे. १ मे २००४ रोजी स्लोवेनिया युरोपियन संघात गेला तेव्हा संघाच्या लेखी सगळा देश एकच प्रदेश होता. संघाचा नियम असा की ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन युरोपियन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल त्याला सर्वाधिक मदत. ल्युब्लियाना श्रीमंत होत चाललं तशी देशाची सरासरी वर सरकली, आणि राजधानीच्या समृद्धीमुळे पोमुर्येचीही मदत आटणार हे स्पष्ट दिसू लागलं. तेव्हा सरकारने देशाचे दोन भाग करून घेतले: ८ प्रदेशांचा पूर्व स्लोवेनिया आणि ४ प्रदेशांचा पश्चिम स्लोवेनिया. पूर्व भाग मागास गटात राहिला. तिथल्या प्रकल्पांना संघ ८५ टक्क्यांपर्यंत वाटा देतो, पश्चिमेला तो बराच कमी मिळतो. पण या दोन भागांनाही सभा नाही, कचेरी नाही. त्या निधीच्या हिशेबासाठी आखलेल्या रेषा आहेत. युरोपियन निधीचा सगळा कार्यक्रम देशपातळीवर एकच असतो आणि तो चालवणारी संस्थाही एकच, ल्युब्लियानात. २०२३ पासून त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय आहे. पोलंडमध्ये प्रत्येक प्रांताला स्वतःचा युरोपियन कार्यक्रम असतो, तसं इथे नाही.

निधी आपल्या गरजेने नवे प्रदेशही निर्माण करतो, हे मला फार बोलकं वाटतं. वेलेन्ये आणि शोश्तान्यच्या खोऱ्यात कोळशाची खाण आणि त्यावरचं मोठं औष्णिक वीज केंद्र आहे. सरकारने जानेवारी २०२२ मध्ये ठरवलं की २०३३ पर्यंत कोळसा बंद. त्यामुळे होणारं नुकसान भरून काढण्यासाठी युरोपियन संघाचा वेगळा निधी आला, आणि तो झासाव्येबरोबरच ‘साविन्यस्को-शालेश्का’ या भागासाठी ठरला. १२ प्रदेशांच्या यादीत असा प्रदेशच नाही. तो साविन्यस्का या मोठ्या प्रदेशाचा एक तुकडा आहे. लोकांना आपलं खोरं हाच आपला प्रदेश वाटतो, आणि पैसा आला तो त्याच हद्दीत. इटलीच्या सीमेवर तर प्रदेश देशाच्याही बाहेर गेला आहे. नोव्हा गोरित्सा, शेम्पेतेर-व्रतोय्बा आणि इटलीतलं गोरिझिया या तीन पालिकांनी २०११ मध्ये एक सामायिक कायदेशीर संस्था स्थापन केली. नोव्हा गोरित्सा आणि गोरिझिया ही दोन शहरं मिळून २०२५ ची युरोपियन सांस्कृतिक राजधानी झाली.

एवढं सगळं होत असताना निवडून आलेली सभा असलेले प्रांत मात्र झाले नाहीत. तसा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९९१च्या संविधानाने पालिकांना स्वखुशीने एकत्र येऊन प्रांत करायची मुभा दिली होती. कुणीच पुढे आलं नाही, कारण आपले अधिकार आपणहून वर सोपवणारी पालिका दुर्मीळच. २००६ मध्ये कलम १४३ बदललं आणि प्रांत संसदेने कायद्याने स्थापन करावेत असं ठरलं. त्यासाठी हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांची अट घातली गेली. २२ जून २००८ रोजी लोकांचा कौल घेण्यात आला. मतदान अकरा टक्क्यांच्या आसपासच झालं. मग संसदेत भांडणं लागली: प्रांत किती असावेत, ल्युब्लियानाला वेगळा दर्जा द्यावा का, पश्चिमेचा प्रिमोर्स्का एक ठेवावा की दोन, राजधान्या कोणत्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मंत्रालयांनी आपल्याकडचे कोणते अधिकार आणि किती पैसा सोडावा. शेवटच्या प्रश्नावर कुणीच ठाम उत्तर दिलं नाही आणि कायदा बारगळला.

त्यानंतर हा विषय लावून धरला तो राष्ट्रीय परिषदेने. हे संसदेचं दुसरं सभागृह. त्याच्या ४० सदस्यांपैकी २२ स्थानिक हितसंबंधांचे प्रतिनिधी असतात. परिषदेने तज्ज्ञांकडून नवे मसुदे करून घेतले, पालिकांशी चर्चा केली. पण परिषद कायदा सुचवू शकते किंवा झालेला कायदा एकदा परत पाठवू शकते, मंजूर करू शकत नाही.

प्रांतांना विरोध करणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. २१ लाखांच्या देशात पालिका, प्रांत, सरकार आणि युरोपियन संघ असे चार थर झाले तर राजकारणी आणि कचेऱ्याच वाढतील, असं ते म्हणतात. ही भीती पोकळ नाही. पण मधला थर आजही आहेच. १२ विकास संस्था, १२ मंडळं, ५८ प्रशासकीय कचेऱ्या, मंत्रालयांची स्थानिक कार्यालयं, सगळं आहे आणि त्यावर खर्चही होतो. नाही ते एवढंच की या सगळ्याबद्दल मत मागायला मतदारासमोर येणारं कुणी नाही. नव्या कचेऱ्या न काढता आहेत त्याच एकत्र करून निवडून आलेल्या सभेखाली आणणं शक्य आहे, आणि पालिकांना मिळतो तसा आयकराचा एक छोटा हिस्सा सूत्राने प्रदेशाला देता येतो. मग पालिकाध्यक्षांच्या यादीतून निवड करण्याचं अप्रिय काम करणारं कुणीतरी असेल आणि चुकलं तर त्याला बदलताही येईल. माझं मत या बाजूचं आहे. पोमुर्येला कारखाना बंद पडल्यावर संसदेकडून खास कायदा मिळाला. त्याआधीच कपड्यांच्या एका कारखान्यावरचा भार कमी करायला हवा हे ओळखून पावलं उचलणारी, प्रदेशाला उत्तरदायी अशी संस्था तिथे नव्हती.

संसदेच्या मुख्य सभागृहात ९० सदस्य आहेत. सगळे हजर असतील तर प्रांत स्थापन करायला ६० मतं लागतात. बदललेलं कलम १४३ २००६ पासून संविधानात आहे, पण ती ६० मतं अजून एकदाही जमलेली नाहीत.